मोठा झालास की सांगेन

२०२० सालच्या जानेवारीअखेरीची गोष्ट आहे. सोसायटीचे काही कागद द्यायला सकाळी शेजाऱ्यांकडे गेलो होतो आणि चहा घेतल्याशिवाय निघणे शक्य नव्हते. त्यांचा दुसरीतला मुलगा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, जोडाक्षरांपाशी अडखळत, मथळे मोठ्याने वाचत बसला होता. आतल्या एका पानावर छायाचित्र होते: विटांच्या लांबलचक इमारतीखालून जाणारे रेल्वेचे रूळ, आणि थंडीचे जाड कपडे घातलेली, गळ्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मफलर गुंडाळलेली अतिशय वृद्ध माणसे. मुलाने बोट ठेवून विचारले, ‘आई, या सगळ्या आजी-आजोबांनी एकसारखेच मफलर का घातलेत?’ आई क्षणभर थांबली. ‘ते लहान होते ना, तेव्हा त्यांना एका वाईट ठिकाणी कोंडून ठेवलं होतं.’ ‘का?’ ‘मोठा झालास की सांगेन.’ मुलाने मान वर केली आणि अगदी सरळपणे, हिशेब पक्का करून घ्यावा तसे विचारले, ‘किती मोठा?’ आईने वडिलांकडे पाहिले, वडिलांनी कपाकडे. मग कोणीतरी शाळेच्या बसची आठवण काढली आणि पान उलटले गेले.

त्या आईला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण याच वाक्याच्या आडोशाला गेले आहे. घरात कोणी गेले की मुलांना शेजारच्या काकूंकडे पाठवले जाई आणि संध्याकाळी परत आल्यावर जाजमे, उदबत्तीचा वास आणि रडून सुजलेले डोळे यांवरून त्यांनी जे समजायचे ते समजून घ्यावे, अशी अपेक्षा असे. प्रश्न विचारलाच तर ‘मोठा झालास की कळेल’. प्रत्यक्षात मोठे झाल्यावर कोणी बोलावून सांगत नाही. त्या वाईट ठिकाणामागच्या हिटलरच्या बाबतीत तर आपल्याकडे मोठे होण्याचा मार्ग ठरलेलाच आहे. शाळेत व्हर्सायचा तह, दुसऱ्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम, एवढे परीक्षेपुरते येते, त्यात ज्यूंचा संहार एखाद्या वाक्यात उरकतो. आणि मग अठराव्या-विसाव्या वर्षी पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात, यशाची सूत्रे आणि वक्तृत्वाची गुपिते सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी, त्याच माणसाचे आत्मचरित्र मराठीत भेटते. ते विकत घेणारी मुले काही दुष्ट नसतात. त्यांना ‘कणखर नेतृत्वा’विषयी वाचायचे असते, आणि दुसरे काही आधी कोणी सांगितलेले नसते.

‘किती मोठा?’ हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. छायाचित्रातला तो समारंभ आउश्वित्झच्या छळछावणीच्या मुक्ततेला ७५ वर्षे झाल्याचा होता, २७ जानेवारीचा. त्या दिवशी तेथे जे मोजके वाचलेले लोक बोलले त्यांत चौऱ्याण्णव वर्षांच्या एक बाई होत्या, आणि त्या लहानग्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला होता, हे मला पुढे वाचताना कळले.

त्या बालवाडीच्या बाई होत्या.

बातशेवा दागान हे त्यांचे नंतरचे नाव. जन्म १९२५ चा, पोलंडमधल्या लोड्झ या कापडगिरण्यांच्या शहरातला, तेव्हाचे नाव इझाबेला रुबिन्श्टाइन. नऊ भावंडांचे घर. युद्ध सुरू झाल्यावर कुटुंब रादोमला गेले आणि तिथल्या गेटोत, म्हणजे ज्यूंसाठी वेगळ्या काढलेल्या वस्तीत, कोंडले गेले. पंधरा-सोळा वर्षांची ही मुलगी ज्यू तरुणांच्या एका गुप्त संघटनेत होती, आणि खोटी कागदपत्रे जवळ बाळगून तिला एकदा वॉर्साच्या गेटोत, मोर्देखाय अनिलेविच यांच्याकडे पाठवण्यात आले होते. पुढे १९४३ मध्ये वॉर्सा गेटोचा उठाव ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, तेच हे अनिलेविच. तिने तिथून आणायचे होते ते शस्त्र नव्हे, तर गुप्तपणे निघणारे एक नियतकालिक. १९४२ च्या ऑगस्टमध्ये रादोमचा गेटो रिकामा करण्यात आला आणि तिचे आईवडील ट्रेब्लिंकाला नेले गेले. ट्रेब्लिंका ही मृत्युछावणी होती, तिथे राहण्यासाठी नेत नसत. ही मुलगी निसटली आणि कोणी तर्कही करणार नाही अशा ठिकाणी, खुद्द जर्मनीत, श्वेरीन शहरातल्या एका नाझी कुटुंबात खोट्या नावाने मोलकरीण म्हणून राहिली. काही महिन्यांनी ती पकडली गेली, तुरुंगांमागून तुरुंग झाले, आणि १९४३ च्या मे महिन्यात ती आउश्वित्झ-बिर्केनाऊला पोहोचली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. हातावर क्रमांक गोंदला गेला: ४५५५४.

बिर्केनाऊत तिच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक होते ‘कानडा’तले. गाड्यांमधून आलेल्या लोकांचे सामान जिथे उपसले जाई, निवडले जाई आणि जर्मनीला पाठवण्यासाठी बांधले जाई, त्या गोदामांना कैद्यांनीच हे नाव दिले होते, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश अशी त्यांची समजूत होती. त्या कामाची कल्पना करताना माझे मन नेहमी एका जागी अडते. तिथे येणाऱ्या वस्तूंमध्ये मोठ्यांचे कोट, चष्मे, भांडी होती तशीच झबली, दुधाच्या बाटल्या, बाहुल्या आणि शाळेची दप्तरेही होती. पुढे आयुष्यभर ज्यांच्यासाठी काम करायचे होते त्या वयाची मुले त्या मुलीला तिथे दिसली नाहीत, त्यांचे सामान दिसले. आउश्वित्झला आणलेल्या मुलांचा आणि अठरा वर्षांखालच्यांचा आकडा संशोधकांनी सुमारे २,३२,००० असा काढला आहे. हा आकडा वाचताना तो पेलला जात नाही, नुसता डोळ्यांखालून जातो. मोज्यांची एक लहानशी जोडी हातात धरून ती कोणत्या ढिगात टाकायची हे ठरवावे लागणे, हे मात्र कळते, आणि कळल्यावर ते पान मिटून ठेवावेसे वाटते.

त्याच छावणीत तिने दोन गोष्टी मिळवल्या आणि बाहेर आणल्या. एक होती कविता. क्रिस्तिना झिवूल्स्का नावाची एक कैदी मनातल्या मनात कविता रचत असे. कागद बाळगणे जिवावरचे होते, म्हणून त्या कविता एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात आणि तिथून स्मरणात जात. या मुलीने त्या पाठ केल्या. पाठांतराविषयी आपण शाळेतल्या शिक्षेसारखे बोलतो. इथे पाठांतर म्हणजे झडतीत सापडू न शकणारी एकमेव मालमत्ता होती. दुसरी गोष्ट म्हणजे चामड्याच्या बुटांचा एक इवलासा जोड, तळहातावर मावेल एवढा, छावणीतच कोणी बनवून तिला वाढदिवसाला दिलेला. हे बूट तुला स्वातंत्र्यापर्यंत नेवोत, अशी त्यामागची इच्छा होती. १९४५ च्या जानेवारीत कैद्यांना बर्फातून पायी हाकत नेण्यात आले, ती राव्हेन्सब्रुकच्या आणि तिथून माल्खोव्हच्या छावणीत गेली, मे महिन्याच्या सुरुवातीला ब्रिटिश सैनिकांनी तिची सुटका केली, आणि या सगळ्यातून ते बूट टिकले. २०१६ मध्ये त्यांनी ते आउश्वित्झच्या संग्रहालयाला दिले. इतकी वर्षे जपलेली वस्तू नेमक्या त्याच जागी परत देताना त्यांना काय वाटले असेल, याविषयी माझे तर्क अनेक आहेत आणि त्यांतला एकही मला पुरेसा वाटत नाही.

सुटकेनंतर काही महिन्यांतच ती पॅलेस्टाइनला पोहोचली, लग्न झाले, दोन मुलगे झाले, आणि तिने बालवाडी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. यापुढे त्यांना बातशेवाबाई म्हणणे मला अधिक बरे वाटते, कारण बालवाडीच्या शिक्षिकेला बाईच म्हटले जाते. मुलाबाळांच्या कोंदट, गलबलाटी, रंगीत खोलीत बसून गाणी शिकवणे, नाके पुसणे, कागदाच्या होड्या करणे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. पुढे हिब्रू विद्यापीठात शैक्षणिक समुपदेशनाचा अभ्यास केला, मानसशास्त्राकडे वळल्या, तेल अवीवच्या बालवाड्यांसाठीच्या मानसशास्त्रीय सेवेत काम केले, शिक्षकांना घडवले. संहाराविषयी त्यांनी लगेच लिहायला घेतले नाही. त्या काळात इस्रायलमध्येही संहारातून जिवंत वाचून आलेल्या माणसांकडे कौतुकापेक्षा संशयाने आणि अवघडलेपणाने पाहिले जाई. १९६१ मध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्यावरचा खटला जेरुसलेममध्ये चालला आणि साक्षीदार एकामागून एक उभे राहून बोलू लागले, तेव्हा घराघरांतल्या गप्प माणसांना काही बोलायचे आहे हे देशाला प्रथम नीट ऐकू आले.

मुलांना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून काहीतरी ऐकू येत होते. बालवाडीतल्या मुलाला इतिहास कळत नाही, पण घर कळते. आजी पाव फेकू देत नाही, आजोबा झोपेत ओरडतात, आत्याच्या हातावर आकडे आहेत आणि त्यांविषयी विचारले की खोलीतली मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. शिवाय १९५९ च्या कायद्यानंतर संहाराचा स्मृतिदिन अधिकृत झाला, आणि पुढे त्या दिवशी सकाळी दहा वाजता देशभर भोंगा वाजवण्याची रीत पडली. दोन मिनिटे तो वाजत राहतो. रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसे गाडीतून उतरून दारापाशी उभी राहतात. चार वर्षांच्या मुलाला त्या भोंग्यापासून लपवता येत नाही. अलिबाग-पेणकडून, मुंबईहून गेलेल्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांची मुलेही दिमोना, अशदोद, लोद इथल्या बालवाड्यांमधून याच भोंग्याखाली उभी राहिली. त्यांच्या घरात युरोपातून कोणी नाहीसे झालेले नव्हते. त्यांच्या आजीच्या आठवणी मराठीत होत्या आणि त्यांत समुद्र, नारळ आणि शनिवारी बंद राहणारा तेल्याचा घाणा होता. तरीही भोंगा त्यांच्यासाठीही होता. त्यांच्या बाईंना त्या मुलांनाही काही ना काही सांगावेच लागले असणार.

म्हणजे तिथे ‘मोठा झालास की सांगेन’ हे वाक्य वापरता येण्यासारखेच नव्हते. न सांगणे म्हणजे मुलाला अज्ञानात ठेवणे नव्हे, तर अर्धवट कळलेल्या भीतीबरोबर त्याला एकटे सोडणे, ही बातशेवाबाईंच्या कामामागची समज मला वाटते.

आणि ज्या मुलांविषयी सांगायचे त्यांच्याकडे पाहिले तर मोठे होण्याची वाट पाहण्यातला फोलपणा आणखीच उघडा पडतो. १९४३ च्या सप्टेंबरपासून बिर्केनाऊत थेरेझिनच्या गेटोतून आणलेल्या कुटुंबांचा एक वेगळा विभाग होता. तिथे फ्रेडी हिर्श या तरुण शिक्षकाने अधिकाऱ्यांकडून मुलांसाठी एक बराक मिळवली. दिवसा मुले तिथे जमत, गोष्टी ऐकत, गाणी म्हणत. दिना गोट्लिबोव्हा या चित्रकार मुलीने भिंतीवर हिमगौरी आणि सात बुटके रंगवले होते. पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, म्हणून ज्या शिक्षकाला जे पुस्तक चांगले आठवत असे तो ते सांगत सांगत एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाई. मोठ्यांनी त्या चार भिंतींत जग सुसह्य करण्याची शर्थ केली, आणि तरी तिथली मुले आपसांत हजेरीचा खेळ खेळत, पहारेकऱ्यांची नक्कल करत, वायुकोठडीचाही, म्हणजे गॅस चेंबरचाही खेळ खेळत. प्रेते जाळणाऱ्या भट्ट्यांच्या चिमण्या सर्वांना दिसत होत्या. त्या मुलांपासून काहीही लपलेले नव्हते. १९४४ च्या मार्चमध्ये हिर्श मरण पावले, जुलैपर्यंत तो विभागच संपवण्यात आला, आणि त्यांतली बहुतेक मुले मोठी झाली नाहीत.

बातशेवाबाईंनी लहान मुलांसाठी लिहायला घेतले ते उतारवयात. त्यांतली एक गोष्ट चिका नावाच्या कुत्रीची आहे. मिकाश हा लहान मुलगा आईवडिलांबरोबर गेटोत राहतो. ज्यूंनी आपापली कुत्री आणून द्यावीत असा हुकूम निघतो. कुत्री दिल्यावर परत येणार नाहीत हे मुलाला न सांगता कळते. मग चिकाला गेटोबाहेर, ओळखीच्या माणसाकडे लपवले जाते. मुलगा तिची वाट पाहतो. त्यालाही लपावे लागते. आणि युद्ध संपल्यावर दोघे पुन्हा भेटतात. बस. गोष्टीत छावणी नाही, चिमणी नाही, प्रेतांचे ढीग नाहीत. भूक आहे, भीती आहे, अन्याय आहे. ज्या बाईंना सगळ्यात भयंकर तपशील जवळून माहीत होते, त्यांनी निवडून निवडून सहा वर्षांच्या मुलाला पेलेल एवढेच दुःख घेतले. आपले कुत्रे कोणीतरी काढून घेणे हे दुःख त्या वयात लहान नसते, हे ज्याने पाळलेला प्राणी गमावला आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि दुसऱ्याच्या अन्यायाची पहिली ओळख त्या वयात तशीच होते: काहीही न करता माझी वस्तू, माझा जिवलग, कोणीतरी हुकूम काढून नेतो.

पण शेवट गोड आहे. तो चुकून गोड झालेला नाही. लहान मुलांसाठीच्या अशा गोष्टीचा शेवट चांगलाच असला पाहिजे, मुलाचा माणसांवरचा विश्वास मोडता कामा नये, हा बातशेवाबाईंचा आग्रहच होता. इथे माझी त्यांच्याशी मनातल्या मनात बराच काळ भांडणे चालली. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये सुमारे १५ लाख मुले होती. पोलंडमधल्या गेटोत कोंडलेल्या मुलांमधून जी वाचली ती अपवाद म्हणून वाचली. मग अपवादाचीच गोष्ट निवडून ती पहिली गोष्ट म्हणून मुलाच्या हाती देणे, हा सत्याशी केलेला सौदा नाही का? त्यातून मुलाच्या मनात असे ठसणार नाही का की चांगली माणसे शेवटी वाचतात, कोणी ना कोणी कुत्रा सांभाळतोच, भेट होतेच? जर्मनीतल्या शाळांमध्येही ही गोष्ट पोहोचली, तिच्यावर बाहुल्यांचा चित्रपटही निघाला. तिथल्या मुलाला ती ऐकवताना तर हा गोड शेवट नेमका कोणाला दिलासा देतो, मुलाला की वर्गात मागे उभ्या असलेल्या पालकांना, असा बोचरा प्रश्नही मला पडला. तो पूर्णपणे गेलेला नाही.

या भांडणात मला दुसऱ्या एका शिक्षकाची आठवण वारंवार येत राहिली. यानुश कोर्चाक हे वॉर्सातले डॉक्टर, लेखक आणि अनाथाश्रमाचे चालक. १८ जुलै १९४२ रोजी, गेटोत, त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले किंवा पाहिले आहे: आजारी अमल, खिडकी, दहीवाला, राजाच्या पत्राची वाट पाहणे, आणि शेवटची झोप. भुकेने खंगलेल्या, आजारी मुलांसाठी हेच नाटक का निवडले असे विचारल्यावर, मृत्यूच्या देवदूताचे शांतपणे स्वागत करायला मुलांनी शिकले पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर कोर्चाक यांनी दिल्याचे सांगितले जाते. चारच दिवसांनी गेटोतून गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे दोनशे मुले रांगेने चालत गाडीपर्यंत गेली आणि ट्रेब्लिंकाला मारली गेली. कोर्चाक यांना गेटोबाहेर काढण्याची तयारी अनेकांनी दाखवली होती. त्यांनी मुलांना सोडले नाही. शांतिनिकेतनच्या परिसरातल्या एका खिडकीतून निघालेली गोष्ट तिथपर्यंत पोहोचली, याचा अभिमान वाटावा की अंगावर काटा यावा हे मला कधीच ठरवता आलेले नाही.

कोर्चाक यांनी मुलांपासून मृत्यू लपवला नाही, पण त्यांनीही तो उघडा केला नाही. त्यांनी त्याला नाटकाचे, खिडकीचे, राजाच्या वैद्याचे रूप दिले, जेणेकरून मुलाने हवे तेवढे घ्यावे आणि नको ते तिथेच ठेवावे. हे लक्षात आल्यावर चिकाच्या गोड शेवटाकडे मी थोडा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कोर्चाक यांच्यासमोरच्या मुलांना मरायचे होते. बातशेवाबाईंच्या समोरच्या मुलांना मधल्या सुटीत डबा खायचा होता, संध्याकाळी घरी जायचे होते, रात्री दिवा मालवून झोपायचे होते, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे इतर माणसांबरोबर जगायचे होते. त्या मुलाला सहाव्या वर्षी माणूस असा असतो हेच पहिले सांगितले तर तो दार बंद करून घेईल, आणि मग पुढचे काहीही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. अध्यापनाच्या दृष्टीने हे बरोबर आहे, असे आता माझे मत आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती मुलावर नाही, मोठ्यांवर आहे. पहिली गोष्ट सांगणाऱ्याने पुढे परत यायचे असते. मिकाश वाचला हे सहाव्या वर्षी सांगितले असेल तर त्याच्या शेजारच्या घरातली मुले वाचली नाहीत हे बाराव्या वर्षी सांगितले पाहिजे, आणि हे कोणी केले, कोणी पाहिले, कोणी पाहूनही पडदा ओढून घेतला हे सोळाव्या वर्षी. हे परत येणे झाले नाही, तर गोड शेवट खरोखरच खोटा ठरतो.

‘किती मोठा?’ याची उत्तरे तशी जगातल्या संस्थांनी लेखी दिलेली आहेत, आणि ती एकमेकींशी जुळत नाहीत. वॉशिंग्टनचे ज्यू-संहाराचे स्मृतिसंग्रहालय हा विषय सहावीपासून पुढे शिकवावा असे सुचवते. आउश्वित्झचे संग्रहालय चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नये असा सल्ला देते. इस्रायलने २०१४ मध्ये बालवाडीपासूनचा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा एवढ्या लहान मुलांच्या मनावर हे ओझे कशाला, म्हणून तिथेच वाद झाला. त्याला दिलेले उत्तर बातशेवाबाईंच्या वळणाचेच होते: मुले ऐकतातच, तर निदान नीट ऐकू द्या, एका माणसाची गोष्ट सांगा, वाचलेल्या माणसाची सांगा, भीतिदायक चित्रे दाखवू नका, छावणीचे प्रसंग मुलांकडून नाटकासारखे वठवून घेऊ नका, आणि तास संपण्यापूर्वी मुलाला सुखरूप बाहेर आणा. या सूचना मला पटतात. पण आउश्वित्झच्या त्या चौदा वर्षांच्या मर्यादेपाशी मी थबकतो. बिर्केनाऊच्या फलाटावर गाड्या रिकाम्या होत तेव्हा साधारणपणे त्याच वयाच्या आतबाहेर रेघ ओढली जाई. तिच्याखालची मुले कामाच्या उपयोगाची नाहीत म्हणून आयांसह सरळ वायुकोठडीकडे वळवली जात. आज ज्या वयाच्या मुलांनी ती जागा पाहू नये असे शहाणपणाने सांगितले जाते, त्याच वयाच्या मुलांना तिथे सर्वांत आधी मारले गेले. सल्ला चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. तो वाचताना हे आठवल्यावाचून राहत नाही, एवढेच.

आउश्वित्झच्या सत्ताविसाव्या बराकीत २०१३ पासून एक प्रदर्शन आहे. त्यातल्या एका पांढऱ्या खोलीत मिखाल रोव्हनेर या कलावतीने त्या काळात मुलांनी काढलेल्या चित्रांतले तुकडे पेन्सिलीने जसेच्या तसे भिंतीवर उतरवले आहेत: घरे, फुले, गाड्या, बंदुका, फासावरची माणसे. ती मुलांच्या उंचीवर आहेत, त्यामुळे नीट पाहायचे तर मोठ्या माणसाला वाकावे लागते. मी ती खोली केवळ छायाचित्रांत पाहिली आहे. घर काढणारा हात आणि फास काढणारा हात एकाच वयाचा आहे, कदाचित एकाच मुलाचा. एवढे मुलांना ठाऊक होते, आणि त्यांच्यासाठी काय योग्य याची चर्चा आपण करत आहोत, हे त्या भिंतीकडे पाहताना जरा लाजिरवाणे वाटते. आणि तरी चर्चा सोडून देता येत नाही, कारण शेजारच्या घरातला दुसरीतला मुलगा खराच असतो आणि त्याला रात्री झोप लागली पाहिजे, हेही खरेच असते.

बातशेवाबाईंनी स्वतः मोठ्यांसमोर बोलताना हात आखडता घेतला नाही. मोठ्यांसाठी त्यांनी कविता लिहिल्या, आणि त्यांत गोड शेवटाचे बंधन त्यांनी पाळले नाही. २०२० च्या त्या समारंभात राष्ट्रप्रमुख समोर बसलेले असताना त्यांनी विचारले की हे सगळे चालले होते तेव्हा सगळे कुठे होते, ज्यांना दिसत होते आणि ऐकू येत होते ते जग कुठे होते. बालवाडीतल्या मुलाला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण तो त्याच्यासाठी नव्हताच. त्यासाठी समोर माणसे मोठी, अधिकाराची आणि उत्तर देण्याच्या वयाची असावी लागतात. म्हणजे दोन वेगवेगळ्या बातशेवाबाई होत्या असे नाही. एकच बाई समोर कोण बसले आहे ते पाहून काय सांगायचे ते ठरवत होती, आणि चांगल्या शिक्षकाचे कौशल्य याहून फार निराळे असते असे मला वाटत नाही.

२५ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. स्वतःच्या आठवणीतून सांगू शकणारे जे थोडे आता उरले आहेत ते बहुतेक तेव्हा मुले होती. यापुढे सांगणारे सगळे ऐकून सांगणारे असतील. इस्रायल, पोलंड, जर्मनी इथल्या वर्गांमधून ज्या मुलांनी चिकाची गोष्ट ऐकली, त्यांतल्या पहिल्या फळीची मुले आता तिशीच्या पलीकडे आहेत. काही जण स्वतः शिक्षक झाले असतील. त्यांतल्या कितींना पुढे कोणी बाकीचेही सांगितले, हे समजण्याची सोय नाही. आपल्याकडे तर पहिलीच गोष्ट सांगितलेली नाही. दहावीच्या पुस्तकात आणखी एक परिच्छेद घातल्याने हे सुधारेल असे मला वाटत नाही. दुसरी-तिसरीच्या वर्गात एखाद्या बाईंनी मराठीतून एका मुलाची आणि त्याच्या कुत्रीची गोष्ट वाचून दाखवली, आणि गोष्ट कुठे घडली म्हणून मुलांनी विचारल्यावर नकाशावर पोलंड दाखवला, तर पुरे आहे. पुढच्या प्रश्नांसाठी त्या बाईंचे स्वतःचे वाचन मात्र झालेले असायला हवे, कारण मुले ‘कुठे’वर थांबत नाहीत.